कसब्याची अठ्ठावीस सेकंदं

त्या गुरुवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी अनसूया लोखंडे पायातल्या चपलांसकट स्टुडिओत आली. आमच्या स्टुडिओत गालिचा होता आणि चपला दाराबाहेर काढायची रीत तिनंच पाडली होती. सात वर्षांत तिनं एका आमदाराला, दोन नटांना आणि एका महाराजांना त्या दारात वाकायला लावलं होतं. महाराजांनी खडावा चोरीला जातील म्हणून मांडीवर घेऊन मुलाखत दिली, ते मी काचेपलीकडून पाहिलेलं आहे. तीच बाई आज धुळीनं भरलेल्या चपला गालिच्यावर रोवून माझ्यासमोर उभी होती.

"दादा, नळाची बातमी कुणी लावली?"

रागात माणसाचा आवाज चढतो असा माझा समज होता. तिचा खाली उतरला होता. सात वर्षं रोज सकाळी चार तास मी तो आवाज ऐकला होता, पण इतका खाली तो कधी गेलेला नव्हता.

"पुण्याहून आली," मी म्हणालो.

"पुण्यात कुणाकडं आहे माझी नळाची बातमी?"

"आता सगळं पुण्यातच असतं, अनू."

त्या घाईतही हे उत्तर मला बरं जमलं असं वाटून गेलं. बातमी पुण्याहून आली नव्हती. ती मी लावली होती.

आठ वर्षं झाली या गोष्टीला. बोरसर हे आमचं जिल्ह्याचं गाव, आणि आमचं स्टेशन झुळूक एफएम. मी तिथं ट्रॅफिकमध्ये होतो. माझ्या सासुरवाडीत बरीच वर्षं मी वाहतूक हवालदार आहे असं धरून चालले होते, आणि त्यामुळे मान जास्त मिळायचा म्हणून मीही ते दुरुस्त केलं नाही. रेडिओतलं ट्रॅफिक म्हणजे कोणतं गाणं, कोणती जाहिरात, कोणतं बोलणं किती वाजून किती सेकंदांनी हवेवर जाईल याची यादी करायची, आणि गेलं की त्यापुढं खूण करून खाली सही करायची. मला मोजायची खोड आहे. अनसूया तासाला सरासरी चौदा वेळा "म्हणजे बघा" म्हणायची. आमचे चार गावांचे साहेब आशिष बोथरा एका बैठकीत "स्केल" हा शब्द नऊ ते अकरा वेळा वापरायचे. माणसं स्वतःविषयी काय सांगतात ते मी फारसं धरत नाही, काय किती वेळा करतात ते धरतो.

अनसूयाचा सकाळचा कार्यक्रम होता 'दात घासले का?' नावाचा. सहा ते दहा. त्यात गाणी असायची, वाढदिवस असायचे, कुणाची म्हैस हरवली तर म्हैसही असायची. पण सगळं बोरसर रेडिओ लावायचं ते सात वाजून दहा मिनिटांच्या नळाच्या बातमीसाठी. आमच्याकडं तेव्हा नळाला सहा दिवसांनी पाणी येई, आणि तो सहावा दिवस कधी पाचवा असे, कधी आठवा. नगरपालिकेचं छापील वेळापत्रक होतं. पाणी मात्र गफूरभाई सोडायचे. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते पहाटे टाकीवर जात. कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवला म्हणजे गवळीपुऱ्याच्या चढावर पाणी पोचतं, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं, कागदावर कुठंच नव्हतं. अनसूया रोज सात वाजता त्यांना फोन लावायची. ते सांगत, आज इकडं सोडलंय, तिकडं उद्या. मग ती हवेवर सांगायची. त्यावर बायका धुणं काढायच्या, बांधकामाचे मुकादम मजूर बोलवायचे, एका शिक्षिकेनं तर मुलीच्या साखरपुड्याची तारीख त्यावर ठरवली होती. सात वर्षांत बातमी चुकली चार वेळा, आणि चारही वेळा तिनं दुसऱ्या दिवशी नाव घेऊन माफी मागितली. माझ्या यादीत आहे ते.

त्या जानेवारीत आमच्या पुण्याच्या कंपनीनं ठरवलं की चार गावांना मिळून एकच सकाळ पुरेल. आता कुणी पहाटे यायचं नाही. अनसूयानं शनिवारी दुपारी येऊन आठवडाभराचं बोलणं एका बैठकीत भरून ठेवायचं, यंत्र ते गाण्यांच्या मधे मधे सोडत राहील. ती एकशे बत्तीस तुकडे बोलायची, गाणी न ऐकता. "काय गोड होतं नाही हे?" म्हणायची, आणि काय गोड होतं ते तिला माहीत नसायचं. पंख्याखाली घाम पुसत मंगळवारच्या पहाटेच्या गारव्याविषयी बोलायची. जी गावं तिनं नकाशातही पाहिली नव्हती त्यांना "आपल्या गावात" म्हणायची. मुलगा बारावीला होता, नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. ती बोलली सगळं. तासाला चौदा वेळाचं "म्हणजे बघा" तीनवर आलं, तेही मी टिपून ठेवलं आणि कुणाला दाखवलं नाही.

दोन महिने नळाची बातमी बंद होती. मग मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका कंपनीनं ती पुरस्कृत केली आणि बोथरासाहेब लॅपटॉप घेऊन शनिवारी स्वतः आले. आठवड्याच्या सहा बातम्या आत्ताच भरून ठेवा म्हणाले.

"बुधवारी पाणी कुठं येणार ते मी आज कसं सांगू, साहेब?"

"वेळापत्रक आहे ना पालिकेचं? ते वाचा."

"ते भिंतीसाठी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे भिंतीला बरं दिसतं. पाणी गफूरभाई सोडतात. मला रोज पाच मिनिटं हवेवर द्या, मी घरून येईन, पगार वाढवू नका."

बोथरांनी तिला समजावलं की थेट बोलणं म्हणजे जोखीम, आणि पाच मिनिटं एका गावाला दिली की चारही गावं मागतात. तिनं ऐकून घेतलं, उरलेलं सगळं भरून दिलं आणि नळाची बातमी सोडून घरी गेली. मी तेव्हा काचेच्या अलीकडं यादी करत होतो. मला तिचा अभिमान वाटला असं सांगायला आवडलं असतं. मला वाटलं, सहा जागा रिकाम्या राहिल्या, आता त्यांत काय भरू.

सोमवारी संध्याकाळी गफूरभाई टाकीच्या पायऱ्यांवर बसले ते उठले नाहीत. मंगळवारी दुपारी मी मय्यतीला गेलो होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणेल की याला माहीत नसेल. मला माहीत होतं. मी खांदाही दिला.

बुधवारी चार वाजता बोथरांचा फोन आला. टाक्यांची कंपनी, म्हणजे टाकीवाले, ओरडत होते, तीन दिवस बातमी नाही, उद्या लागलीच पाहिजे. अनसूया ऐकत नसेल तर दुसऱ्या कुणाचा आवाज घ्या म्हणाले. टाकीवाल्यांना दुसरा कुणाचा चालणार नव्हता, त्यांनी पैसे तिच्या आवाजाचे मोजले होते. फोनवर बोथरांचा श्वास ऐकू येत होता. आणि मी म्हणालो, "साहेब, आवाज आहे माझ्याकडं."

कुणी विचारलं नव्हतं. मी आपण होऊन म्हणालो.

नव्वद दिवसांनी जुनं पुसायचा नियम होता, पण माझ्यानं पुसवत नसे. तीन वर्षांच्या नळाच्या बातम्या मी विभागवार लावून ठेवल्या होत्या. एक हजार सव्वीस. कसबा, गवळीपुरा, शास्त्रीनगर, नवा मोंढा, सगळं तिच्या आवाजात. वेळापत्रक बघायचं, त्या विभागाची एक उचलायची, लावायची. बोथरा म्हणाले, "टेकाळे, तुम्ही सोनं आहात." पंधरा वर्षांच्या नोकरीत एवढं एकदाच मला कुणी म्हटलं.

गुरुवारी कसबा होता. जागा अठ्ठावीस सेकंदांची. कसब्याच्या बातम्यांत अठ्ठावीसला बसणारी एकच निघाली. आमच्या धंद्यात तुकडा तपासायची एक पद्धत आहे: पहिली तीन सेकंदं ऐकायची, शेवटची तीन ऐकायची. सुरुवात तुटलेली नाही, शेवट लटकत नाही, झालं. मधलं कुणी ऐकत नाही. मधलं पडद्यावर रेघांचं दिसतं, हिरवं. मी सुरुवात ऐकली, "मंडळी, आज नळ कसब्यात." शेवट ऐकला, "तर भांडी लावा." मधे बावीस सेकंदं छान हिरवी होती.

त्या बावीस सेकंदांत अनसूया हसत सांगत होती की गफूरभाई आत्ताच भेटलेत, अगदी मजेत आहेत, म्हणतायत, ताई, मी जिता आहे तोवर कसब्याचं पाणी चुकायचं नाही. आणि त्यावर ती म्हणत होती, शंभर वर्षं जगा हो.

गफूरभाईंचं घर कसब्यात होतं. गुरुवारी त्यांची तिसऱ्या दिवसाची जियारत होती, मयतासाठी दुआ मागायची. अनसूया पहाटेच तिथं जाऊन बायकांमधे बसली होती. सात वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या घरातला रेडिओ बोलू लागला. तिनं मला जे सांगितलं ते एवढंच, की खोलीत सतरा-अठरा बायका होत्या आणि सगळ्या तिच्याकडं बघू लागल्या. गफूरभाईंच्या बायकोनं, रुकैयाबींनी, तिचा हात धरला आणि हळूच विचारलं की हे ते कधी बोलले. आज बोलले का. त्या माउलीला खरंच वाटलं की कुठूनतरी फोन आला असेल.

"मी सांगितलं, चाची, ते मी नाही बोलले," अनसूया म्हणाली. "नसरीनलाही सांगितलं. पण माझाच आवाज, माझंच हसणं. कुणाला सांगू?"

नसरीन म्हणजे गफूरभाईंची मुलगी, तलाठी कार्यालयात होती. शिवाय कसब्यात पाणीही आलं नव्हतं. टाकीवरच्या नव्या माणसानं कुठला तरी व्हॉल्व्ह कुठं तरी फिरवला होता आणि निम्मं गाव कोरडं होतं. आठपर्यंत एक्केचाळीस फोन आले. पहिले तेवीस पाण्यासाठी, नंतरचे अठरा गफूरभाईंसाठी. त्या अठरांत एकानंही कंपनीला शिवी दिली नाही. सगळे विचारत होते, ती बाई कुठं आहे, तिला काही लाज आहे का.

"मला हवेवर घ्या," अनसूया म्हणाली. "दोन मिनिटं. मला माझ्या तोंडानं सांगू द्या."

मी म्हणालो, बघतो.

आता हे समजून घ्यायला हवं. जानेवारीपासून आमचा स्टुडिओ साखळीतून बाहेर होता. पुण्याचं यंत्र थेट आमच्या मनोऱ्याला जोडलेलं होतं. स्टुडिओत माइक होता, त्याचं बटण दाबलं की लाल दिवा लागायचा, कानावरच्या हेडफोनमधे स्वतःचा आवाजही यायचा. पण हवेवर जायचं तर मागच्या खोलीतल्या रॅकवरचं एक बटण दाबावं लागायचं, आणि त्या खोलीची किल्ली माझ्याकडं होती. अनसूयाला हे ठाऊक नव्हतं. ती शनिवारी येऊन बोलून जायची, आवाज पुढं कुठल्या वाटेनं जातो ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

ती चपला काढून आत बसली. गालिच्यावरच्या स्वतःच्या पावलांचे ठसे तिनं पदरानं झटकले, तशा रागातही. मी मागच्या खोलीत गेलो. बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात खिशात फोन वाजला.

बोथरा होते. त्यांना टाकीवाल्यांकडून सकाळचा घोळ कळला होता आणि ती स्टुडिओत येणार हे त्यांनी ताडलं होतं. त्यांचा आवाज अगदी थंड होता. "टेकाळे, स्टुडिओ कुणी जोडला की माझ्याकडं दिवा लागतो. कुणी जोडला ते मी विचारणार नाही. किल्ली एकाकडंच आहे." मग म्हणाले, "आणि ती हवेवर गेली तर ती विचारेलच ना, क्लिप कुणी काढली?"

मी बोट काढलं. त्याला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. आयुष्यात न मोजलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत, त्यातली ही एक.

बाहेर आलो, माझ्या टेबलाजवळचा भिंतीवरचा स्पीकर बंद केला, कारण त्यातून हवेवरचं गाणं चालू होतं, आणि गाणं ऐकू आलं की माझी बोटं टेबलावर ठेका धरतात, तो काचेतून तिला दिसला असता. मग तिला अंगठा दाखवला. लाल दिवा लागला. अनसूयानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि ती बोलू लागली.

"मी अनसूया लोखंडे बोलतेय. आज गुरुवार आहे, आठ वाजून एकतीस मिनिटं झालीत. हे मी घड्याळ बघून सांगतेय. दोन महिने झाले, सकाळी तुम्ही ऐकता ते मी शनिवारीच बोलून ठेवलेलं असतं. आज गारवा आहे असं मी रेडिओवर म्हणते तेव्हा मी घरी भाकरी थापत असते. तेवढं खोटं मी बोलले, पोटासाठी बोलले, ते माझ्या माथी. आज सकाळी कसब्यात पाणी सुटलंय असं माझ्या आवाजात सांगितलं गेलं. ते मी बोलले नाही. गफूरभाई सोमवारी गेले. त्यांच्या घरात बसून मी ते ऐकलं. कुणीतरी माझं जुनं बोलणं उचलून आज लावलं. ज्यानं लावलं त्याला आधी एकदा पूर्ण ऐकावंसंही वाटलं नाही. गफूरभाईंच्या घरच्यांची मी माफी मागते. माझ्याकडून चूक झाली." इथं तिनं श्वास घेतला. "ती एवढीच, की मी माझा आवाज दुसऱ्यांच्या हाती देऊन घरी गेले. यापुढं या रेडिओवर माझा आवाज ऐकलात तर मी समोर उभी असल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका. नळाचं विचारायचं असेल तर टाकीवर जा आणि तिथं जो माणूस असेल त्याला विचारा."

एक मिनिट चौदा सेकंदं. मी काचेपलीकडं उभा राहून सगळं ऐकलं, मधलंसुद्धा. बोरसरात ते ऐकणारा मी एकटा होतो.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता. "दादा, तुमच्यावर येईल का काही?" तिनं विचारलं. मी म्हणालो, बघून घेऊ. ती म्हणाली, तुमचे उपकार झाले. मग ती पुन्हा कसब्यात गेली, ताठ मानेनं, रिक्षा न करता.

नऊला बोथरांचा फोन. मी सांगितलं की काळजी नको, हवेवर काही गेलेलं नाही, नुसतं रेकॉर्ड झालंय. ते खूश झाले. मग म्हणाले, ऐकवा. ऐकवलं. आणि साहेबांना सुचलं. हे थोडं लहान करा म्हणाले. कंपनीनं माफी मागितली तर उद्या टाकीवाले पळतील. "तिचीच असू दे. लोकांना माणसाची माफी आवडते."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "किती सेकंदांत बसवू?"

अकरा सेकंदं. चार तुकडे. मी अनसूया लोखंडे बोलतेय. आज सकाळी कसब्यात पाणी सुटलंय असं माझ्या आवाजात सांगितलं गेलं. गफूरभाईंच्या घरच्यांची मी माफी मागते. माझ्याकडून चूक झाली. "झाली" नंतर तिनं श्वास घेतला होता हे माझ्या पथ्यावर पडलं. श्वास असला की कापायला सोपं जातं, जोड ऐकू येत नाही. माझ्या हातून इतकं स्वच्छ काम आधी झालं नव्हतं, नंतरही नाही. आणि आज कुणी विचारलं की सगळ्यात जास्त चीड कशाची येते, तर बोथरांची येत नाही. ते सेकंदं मागत होते, त्यांचा तो धंदा होता. मला त्या कापलेल्या जागेची येते. अजून बोटाखाली लागते ती जागा, आणि ती गुळगुळीत आहे.

भिंतीवरचा स्पीकर पुन्हा चालू केला आणि दहा वाजून पाच मिनिटांनी ती माफी पहिल्यांदा लावली. पुढं दर तासाला, रात्री आठपर्यंत, अकरा वेळा. यादीत लिहिलं: दिलगिरी, अनसूया, अकरा सेकंद. खाली सही केली. फोन बंद झाले. दुपारपर्यंत गावात सगळ्यांना कळलं होतं की बाईनं कबूल केलं.

त्यानंतर ती कधी रेडिओवर बोलली नाही. तिचा आवाज मात्र पुढं अकरा महिने बोलत होता, कारण करारात तो कंपनीचा होता आणि माझ्याकडं तो भरपूर होता. बोथरा आता मुंबईत फार वर गेलेत असं ऐकतो. मला दोन वेतनवाढी एकदम मिळाल्या. गेल्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा शाल दिली.

पण त्या गुरुवारचं थोडं राहिलंय.

पाऊण वाजता ती परत आली. यावेळी चपला बाहेर काढल्या. माझ्या टेबलासमोर उभी राहिली, बसली नाही.

"मी त्यांच्यातच बसले होते," ती म्हणाली. "म्हटलं, ऐकलं असेल सगळ्यांनी. कुणी काही बोलेना, मी म्हटलं दुःखात आहेत. दहाला रेडिओ लागला. मी कबूल केलं म्हणे. नसरीन माझ्याकडं बघून म्हणाली, ताई, सकाळी तुम्ही अम्मीचा हात धरून सांगितलंत की ते तुम्ही बोलला नाहीत. मयताच्या घरात खोटं कशाला बोललात?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"बोथरांना फोन लावला मी. ते म्हणाले, आमचा काय संबंध, सकाळची क्लिप तुमच्या टेकाळेंनी काढून दिली आणि माफीचीही."

सात वर्षं मी दादा होतो. आता ती माझं आडनाव घेत होती, तेही दुसऱ्याच्या तोंडून. मी म्हणालो, अनू, माझं ऐक. ती म्हणाली, तुमचं नको, माझं ऐकवा. पूर्ण.

मी लावलं. एक मिनिट चौदा सेकंदं ती टेबलाच्या कडेला बोटं टेकून ऐकत राहिली. श्वास होता त्या जागी तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं कुठं कापलंय ते. तीही याच धंद्यातली होती.

"बरं बोलले होते," ती म्हणाली. स्वतःशीच. मग म्हणाली, "पुसा."

मी म्हणालो, राहू दे, उद्या कधी खरं बाहेर येईल तेव्हा हे लागेल.

"उद्या याच्यातून अजून काही कापाल. पुसा."

तीन वर्षांच्या एक हजार सव्वीस बातम्या माझ्यानं पुसवल्या नव्हत्या. ही पुसली. संगणकाच्या कचऱ्याच्या डब्यातूनही काढायला लावली तिनं, पडद्यावर बोट ठेवून, तिथून पण, म्हणाली. ती बोलली होती त्याचा आता कुठं पुरावा नाही. वर लिहिलंय ते माझ्या आठवणीतलं आहे. एखादा शब्द इकडं तिकडं असेल, पण मधलं काही गाळलेलं नाही.

ती जायला निघाली आणि दारात वळली. माझ्या टेबलावर शुक्रवारची यादी अर्धी झालेली होती, ती तिला दिसली.

"उद्या नळ कुठं?"

मी वेळापत्रकाकडं पाहिलं. "शास्त्रीनगर."

"कुणाला विचारलंत?"

एक वाजून पाच मिनिटं झाली होती. भिंतीवरच्या स्पीकरमधून अनसूया लोखंडे गफूरभाईंच्या घरच्यांची माफी मागू लागली, आणि अनसूया लोखंडे दारात उभी राहून माझ्या उत्तराची वाट बघत राहिली.